जकातनाक्यावरचा मत्तय



पास्काचा सण आटोपला, की आपल्या गावांतील तरुण पुन्हा आखाती देशांच्या व आगबोटींच्या वाटेला लागतात. निघण्याच्या आदल्या रात्री पेट्या भरल्या जातात आणि नेमक्या त्याच वेळी शेजारीपाजारी एकेक पुडके घेऊन दारात उभे राहतात. ‘आमच्या मुलाला एवढे पोचते कर.’ नाही म्हणणे जड जाते.

विमानतळावर त्याच पुडक्याची झडती होते तेव्हा पुष्कळांना संताप येतो. हा शिपाई आम्हांला चोर समजतो काय? मला हा संताप उचित वाटत नाही. सन १९९९ मध्ये, ऐन नाताळच्या पूर्वसंध्येला, काठमांडूहून दिल्लीस निघालेले आपले विमान पाच सशस्त्र इसमांनी पळविले आणि अमृतसर, लाहोर, दुबई करीत कंदाहारला नेले. एका नवपरिणीत प्रवाशाचा त्यांनी बळी घेतला. शेवटचे ओलीस ३१ डिसेंबरला सुटले, तेही तीन कैद्यांना मुक्त केल्यावर. तोवर आपल्या विमानतळांची राखण राज्यांचे पोलीस करीत. त्यानंतर ती केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे जाऊ लागली. आरंभ ३ फेब्रुवारी २००० रोजी जयपूरला झाला. हे दल १९६९ साली उभारले गेले ते मुख्यतः कारखान्यांच्या संरक्षणाकरिता! रेल्वे स्थानकाला तर अशी बंद दारेही नसतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर रेल्वे पोलीस निरीक्षक शशांक शिंदे धारातीर्थी पडले, ते अशाच उघड्या जागेची राखण करताना.

आता आपल्या पुडक्यांविषयी. आपल्या स्वयंपाकघरातील निरुपद्रवी खसखस संयुक्त अरब अमिरातीत निषिद्ध आहे. ती जवळ बाळगणाऱ्यावर तुरुंगाची पाळी येऊ शकते. सुके खोबरे तेलकट व ज्वालाग्राही म्हणून विमानात नेऊ देत नाहीत. प्रेमाने दिलेल्या मसाल्याची ही गत, मग अनोळखी माणसाने स्थानकावर हाती ठेवलेल्या शिवलेल्या पिशवीची काय कथा? पेटी ज्याच्या हाती, जबाब त्यालाच द्यावा लागतो.

संत मत्तय स्वतः कफर्णहूमच्या जकातनाक्यावर बसत असे. इटलीतील जकातीवर देखरेख ठेवणाऱ्या वित्तरक्षक दलाचा तो १९३४ पासून आश्रयदाता संत आहे. योहान बाप्तिस्ताकडे शिपाई आले, तेव्हा त्याने त्यांना नोकरी सोडावयास सांगितले नाही. जुलूम करून पैसा उकळू नका, आपल्या वेतनात तृप्त राहा, एवढेच बजावले. हा उपदेश आपण शिपायांना मोठ्या आवडीने ऐकवतो. परंतु पेटी न उघडता सुटावी म्हणून त्यांच्या मुठीत नोट कोंबणारा हात कोणाचा असतो?

तेव्हा पुडके घ्यावयाचेच असेल, तर देणाऱ्यासमक्ष उघडून, एकेक जिन्नस पाहून, आपल्या हाताने बांधावे. तसे करावयास संकोच वाटल्यास धर्मगुरूंची सक्त ताकीद आहे, असे माझ्या नावावर खुशाल सांगावे. शेजारीण रुसली, तर मिस्सानंतर ती मला भेटेलच.