गाडी सभासदांनी चालवली. आपला चर कोण उकरणार?

सभासद बंधू-भगिनींनो,

गेल्या महिन्यात ओढ्याकडेच्या मुख्य चराच्या सफाईसाठी आम्ही शिवारात बैठक बोलावली होती. चराच्या दोन्ही अंगांना मिळून साठ-सत्तर खातेदारांची जमीन आहे. बैठकीला आले अकरा जण. त्यांतले दोघे तोडीची तारीख विचारायला आले होते, ते तारीख कळल्यावर निघून गेले. चरात पाणकणीस पुरुषभर माजले आहे आणि चराकडेच्या सऱ्यांच्या वरंब्यांवर पांढरी पापडी दिसू लागली आहे. वार्षिक सभेला मात्र मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. दरावर बोलणे हा सभासदाचा हक्कच आहे, त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. पण त्या नऊ माणसांकडे बघून मनात जे आले ते लिहिल्यावाचून राहवत नाही. ते सांगायला आम्ही जरा लांबून, साहेबाच्या मुलखातून सुरुवात करणार आहोत. कंटाळा करू नये.

आपल्या एका सभासदाचे चिरंजीव नोकरीनिमित्त इंग्लंडात असतात. दिवाळीला गावी आले तेव्हा त्यांनी वेल्स भागातल्या एका छोट्या वाफेच्या गाडीचे फोटो दाखवले. आम्हाला आपल्या बार्शी लाइटची आठवण झाली. बार्शी लाइट १८९७ साली सुरू झाली, तिच्या रुळांतले अंतर अडीच फूट. तिच्या डब्यांतून पंढरीला गेलेली माणसे आजही तिचे नाव काढतात. पुढे तो मार्ग रुंद झाला आणि ती गाडी गेली. वेल्समधली ही टॅलिलिन रेल्वे तिच्याहूनही लहान, सव्वादोन फुटांची, लांबी सुमारे सात मैल. पण ती अजून चालते. आणि चालते ती सरकारच्या किंवा कुणा शेठजीच्या जिवावर नव्हे, तर सभासदांच्या जिवावर. हे ऐकले आणि आमचे कान टवकारले. मग मिळेल ते वाचून काढले.

ही लाइन १८६५ च्या सुमाराची. डोंगरातल्या ब्रिन एग्ल्विस खाणीतला पाटीचा दगड समुद्रकाठच्या टविन गावापर्यंत आणायचा, एवढ्यासाठी ती घातली. तिकडे घरांची छपरे या दगडाची असतात. १९११ साली खाण आणि गाडी दोन्ही सर हेडन जोन्स या तिथल्या खासदारांनी घेतली. धंदा उतरतीला लागला होता. १९४६ च्या डिसेंबरात खाणीत दरड कोसळली आणि खाण बंद झाली. वाहायला माल राहिला नाही. तरी 'मी जिवंत आहे तोवर गाडी चालेल' हा शब्द सर हेडन यांनी पाळला आणि पदरमोड करून उन्हाळ्यात उतारूंची गाडी चालू ठेवली. १९४८ साली तिकडच्या रेल्वे सरकारजमा झाल्या, त्यांत ही एवढीशी लाइन घेतलीच गेली नाही. जुलै १९५० मध्ये सर हेडन वारले. आता ही लाइन मोडीत जाणार असेच कोणीही म्हटले असते.

एल. टी. सी. रोल्ट या नावाने ओळखले जाणारे एक इंजिनिअर-लेखक होते. त्यांनी बर्मिंगहॅमच्या वर्तमानपत्रात पत्र लिहिले. ११ ऑक्टोबर १९५० रोजी बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात सभा भरली आणि गाडी वाचवण्यासाठी सभासदांची संस्था काढायचे ठरले. सर हेडन यांच्या पत्नीने आपले शेअर्स एका नव्या कंपनीकडे दिले. तिच्या बोर्डावर दोन माणसे त्यांची, दोन संस्थेची. पुढच्या मे महिन्यापर्यंत सभासद साडेसहाशेच्या आसपास झाले. रेल्वे सभासदांनी एकत्र येऊन चालवायची, हे जगात पहिल्यांदाच घडत होते. १४ मे १९५१ रोजी संस्थेची पहिली गाडी सुटली.

इथपर्यंतची गोष्ट सोपी आहे. सभा भरवणे, वर्गणी गोळा करणे, फीत कापणे आपल्यालाही चांगले जमते. आमचे लक्ष लागले ते त्यानंतरच्या दहा वर्षांकडे.

संस्थेच्या हाती काय आले होते ते बघा. दोन इंजिने, दोन्ही १८६० च्या दशकातली. त्यांतले 'टॅलिलिन' निकामी होऊन पडलेले; 'डोलगोख' कसेबसे चालणारे. रूळ बहुतेक पहिल्या दिवसापासूनचे, शंभरीला टेकलेले. खालचे लाकडी स्लीपर कुजलेले आणि सगळ्यावर गवत माजलेले. जवळची कॉरिस रेल्वे १९४८ साली बंद पडली होती आणि तिचे रूळही सव्वादोन फुटांचेच होते. तिची दोन इंजिने संस्थेने पंचवीस-पंचवीस पौंडांना विकत घेतली. सगळ्यांना वाटले, आता सुटलो! त्यांतले एक इंजिन लाइनवर घातले आणि ते रुळांच्या मधोमध खाली उतरले. कारण शोधले तेव्हा कळले, की रुळांतले अंतर ठरल्यापेक्षा जास्त आहे. जुन्या इंजिनांची चाके रुंद, ती कशीबशी तोलून जात होती. नव्याची चाके अरुंद, त्यांना ते सोसले नाही. इंजिनात दोष नव्हता, दोष जमिनीत होता!

शेतकरी बंधूंनो, हे वाचताना आम्हाला आपलीच जमीन दिसली. जुनी जात पाणथळीत कसेबसे चाळीस टन देते. मग आपण म्हणतो नवे बेणे आणा. नवे बेणे आणतो, खताचे पोते वाढवतो, आणि ऊस पिवळा पडला की शेतकी खात्याला बोल लावतो. निचरा नसेल तर बेणे बिचारे काय करणार? क्षारपड जमिनीत नुसते जिप्सम टाकून भागत नाही. धुपून सुटलेले क्षार पाण्याबरोबर रानाबाहेर गेले पाहिजेत, आणि ते चरातून जातात. ठिबक बसवा, धैंचा गाडा, सच्छिद्र पाइप घाला. सगळे चांगलेच आहे. पण पाइपाचे तोंड ज्या चरात सोडायचे तो चरच तुंबलेला असेल तर रानातले पाणी जाणार कुठे?

त्या गाडीवाल्यांनी काय केले? १९५१ चा सगळा उन्हाळा एकट्या 'डोलगोख'वर काढला आणि माणसे लाइनवर लावली. त्या माणसांत आठवडाभर शहरात नोकरी करणारे होते, विद्यार्थी होते, पाद्री होते. सुटीच्या दिवशी शंभर-सव्वाशे मैलांवरून यायचे. गवत काढायचे, कुजके स्लीपर उपसायचे, नवे घालायचे, अंतर मोजून रूळ ठोकायचे. इंजिनावर उभे राहून शिट्टी वाजवायला कोणाला आवडणार नाही? पण शिट्टीवाला एक लागतो आणि फावडेवाले पन्नास लागतात. पहिली दोन वर्षे रोल्ट स्वतः मॅनेजर होते. रेव्हरंड ऑड्री नावाचे एक पाद्रीबुवा गार्डाचे काम करायला येत. टी.व्ही.वर आपली नातवंडे 'थॉमस' नावाचे निळे इंजिन बघतात, त्याच्या गोष्टी लिहिणारे ते हेच.

ज्याच्याकडे जे होते ते त्याने दिले. कॉरिसच्या दुसऱ्या इंजिनाची दुरुस्ती एका मोठ्या इंजिन कारखान्याच्या अध्यक्षांनी फुकट करून दिली, कारण ते संस्थेचे सभासद होते. ते इंजिन १९५२ पासून कामाला लागले. त्याला नाव दिले 'एडवर्ड थॉमस', म्हणजे सर हेडन यांच्या वेळच्या जुन्या मॅनेजरचे. नव्यांनी जुन्यांना विसरायचे नसते, हेही यात आले. पुढे एका कंपनीने तिसरेच इंजिन बक्षीस दिले. ते दोन फुटी रुळांचे होते, ते सव्वादोन फुटांना बसवून घेतले. १९५७ साली बीबीसीने तिथून थेट कार्यक्रम दाखवला आणि उतारू वाढले. १९५८ साली 'टॅलिलिन' दुरुस्त होऊन परत आले. 'डोलगोख' दुरुस्तीला गेले होते, ते तर १९६३ सालीच परतले.

म्हणजे पहिल्या दिवशीची दोन्ही इंजिने धड व्हायला बारा वर्षे लागली. एका हंगामात काही झाले नाही. पहिल्या दोन वर्षांत कोणी हिशेब मागितला असता, 'काय दिवे लावले?' असे विचारले असते, तर दाखवायला गवत काढलेली लाइन आणि नवे स्लीपर एवढेच होते. आपल्या भाषेत सांगायचे तर ही खोडव्याची निगा झाली. लागणीचे पीक गेले, म्हणजे खाण बंद पडली, तेव्हा बुडखे पेटवून न देता त्यांनी ते तासले, बगला फोडल्या, नांगे भरले आणि दम धरला. त्या एका मळ्यातून पुढे बेणेही गेले. १९५५ मध्ये फेस्टिनिओग रेल्वे पुन्हा सुरू झाली, १९६० मध्ये दक्षिण इंग्लंडात ब्लूबेल रेल्वे उभी राहिली, आणि मग अशा गाड्या देशभर झाल्या. टॅलिलिनची लाइन १९७६ साली पुढे आणखी लांबली, आणि २०२१ साली युनेस्कोने वेल्सचा तो पाटीच्या दगडाचा मुलूख जागतिक वारशात घेतला, त्यात ही गाडीही आली.

कोणी म्हणेल, "अहो साहेब, ती हौस आहे. त्यांचे पोट भरलेले होते. आमची गोष्ट निराळी." निराळी आहेच! त्या सभासदांना गाडीतून टनाला एक पैसा मिळणार नव्हता, उलट खिशातली वर्गणी जात होती. तरी ते आले. आपल्या तर पोटाचा प्रश्न आहे. एकरी वीस टन घटले तर दराचे दोनशे रुपये वाढूनही घरात काय येणार, याचे गणित तुम्हीच करा. कारखान्याचा शेअर आपण काचेत लावून भिंतीवर टांगतो. त्यावर नाव असले की आपण मालक झालो असे वाटते. मालक खरा, पण मालकाला आपल्या मालमत्तेतले गवत दिसले पाहिजे.

कोणी असेही म्हणेल, की चर उकरणे हे कारखान्याचे किंवा सरकारचे काम आहे. जे.सी.बी. कारखान्याने द्यावा हे आम्हालाही मान्य आहे आणि तसा प्रस्ताव आम्ही मा. संचालक मंडळापुढे ठेवला आहे. त्या गाडीलाही नुसत्या हौशी माणसांवर भागले नाही, तिनेही पगारी माणसे ठेवली. पण यंत्र वर्षातून एकदा येते आणि पाणकणीस बारा महिने उगवते. शिवाय बांध सरकवत चरात आलेली सरी जे.सी.बी.वाल्याला मोडता येणार नाही. ती ज्याची त्यानेच मागे घ्यायची आहे.

आता थोडे आमच्या पदरचे. बैठकीला माणसे आली नाहीत म्हणून आम्ही रागावलो खरे, पण घरी आल्यावर वाटले, आपण तरी काय केले? गावच्या फलकावर नोटीस लावली, जीपमधून उतरलो, इस्त्रीच्या कपड्यांत चराच्या काठावर उभे राहून भाषण केले आणि परत गेलो. रोल्ट मॅनेजर झाले आणि लाइनवर राहिले. आम्ही अधिकारी झालो आणि काठावर राहिलो. ही चूक आमची आहे.

म्हणून ठरवले आहे, की येत्या अमावास्येला सकाळी सात वाजता आम्ही आणि शेतकी खात्याचा सगळा स्टाफ फावडी-खोरी घेऊन ओढ्याच्या पुलापाशी हजर राहू. त्या दिवशी तसेही पुष्कळ जण औत धरत नाहीत. ते नऊ जण येणार आहेत, तसा त्यांनी शब्द दिला आहे. दुपारी बारापर्यंत काम, मग ज्याची त्याची भाकरी. पाऊस पडेपर्यंत दर अमावास्येला असेच. एका दिवसात चर मोकळा होणार नाही, एका वर्षात जमीन गोडी होणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. दहा वर्षांचे काम आहे. पण पापडी वरंब्यावरून सरीत उतरायला दहा वर्षे लागत नाहीत.

पुढच्या वार्षिक सभेत दरावर जरूर बोला, आमच्या खात्याचे वाभाडे काढा. फक्त बोलायला उठण्याआधी शेजाऱ्याला एवढे सांगा, की आपण चरावर किती अमावास्या आलो होतो.

आपला,
ऊस विकास अधिकारी