शिकवणीच्या बाजारातील समता

वैद्यकीय प्रवेशासाठी देशभर ‘नीट’ ही एकच परीक्षा असावी, या कल्पनेला आमचा तत्त्वतः विरोध नाही. देणग्या उकळणाऱ्या खासगी महाविद्यालयांना तिने काहीसा लगाम घातला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु लातुरात दोन वर्षे राहून शिकवणी, खोलीभाडे व खानावळ यांचा भार सोसू शकणारा मुलगा आणि विज्ञानशिक्षकाविना बारावी झालेली आश्रमशाळेतील मुलगी यांना एकच प्रश्नपत्रिका मिळते, एवढीच काय ती समता!

२०२४ साली २३ लाखांहून अधिक विद्यार्थी नीटला बसले. पाटणा व हजारीबाग येथे प्रश्नपत्रिका फुटल्याचे सर्वोच्च न्यायालयानेही नमूद केले. त्यावर रान उठले, ते योग्यच झाले. न फुटलेल्या प्रश्नपत्रिकेने जे दरवर्षी बाहेर राहतात, त्यांच्यासाठी मात्र मोर्चे निघाले नाहीत. उलट शिकवणीच्या शुल्कावर सरकार १८ टक्के कर घेते. शाळेने न शिकवलेल्याचा हा मोबदला म्हणायचा काय?

तामिळनाडूने २०२० मध्ये, सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकून नीट उत्तीर्ण होणाऱ्यांसाठी ७.५ टक्के जागा राखल्या. मद्रास उच्च न्यायालयानेही तो कायदा उचलून धरला. महाराष्ट्रातही तशी तरतूद झाली पाहिजे. आपल्याकडे माध्यमिक शिक्षण बव्हंशी अनुदानित खासगी संस्थांकडे असल्याने निकष निराळा ठरवावा लागेल. त्यासाठी कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यातील विज्ञानशिक्षकांच्या रिक्त जागा मोजण्यापासून आरंभ करावा.