दहापैकी सात

गुण देणे हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. दर उन्हाळ्यात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी येतात, सौभाग्यवती पलंगाखाली त्यांच्यासाठी जागा करतात, आणि पुढचे पंधरा दिवस मी 'साडेतीन द्यावे की चार' या विवंचनेत जेवतो. त्यामुळे जगात कुठेही गुण देणारा माणूस दिसला की तो मला आपल्याच बिरादरीतला वाटतो. यंदा ही बिरादरी मला भलत्याच ठिकाणी भेटली. व्हिडिओ गेमच्या परीक्षणांत!

वाचकांनी कृपा करून लगेच पान उलटू नये. हा विषय पोरासोरांचा आहे खरा. पण खिसा मात्र आपला आहे. गाजावाजा होऊन येणाऱ्या एका मोठ्या खेळाला आजकाल चार-पाच हजार रुपये पडतात, आणि तो ज्यावर चालतो ते यंत्र निराळे. आमचे जळगाव जामोद म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याचे तालुक्याचे गाव. आगगाडी आमच्यापर्यंत आलेलीच नाही. नांदुऱ्याला उतरून बस धरावी लागते. पण हे खेळ बसने येत नाहीत. न्यूयॉर्कला ज्या दिवशी निघतात त्याच दिवशी आमच्या गल्लीत उतरतात. आमच्या शेजारी एका जिनिंगमध्ये हिशेबनीस असलेले गृहस्थ राहतात. बोनसची रक्कम हातात आली त्या संध्याकाळी ते चिरंजीवांचा मोबाइल घेऊन माझ्याकडे आले. "सर, पोरगा म्हन्ते ह्या खेळाले दहापैकी नऊ भेटले. इंग्रजीत काय लिवलं हाय ते वाचून सांगा बरं. घेऊ काय?"

मी वाचून दाखवले, त्यांनी विचार केला, आणि चिरंजीवांना यंदा सायकल मिळाली. मला मात्र वाचनाची गोडी लागली. सुट्टीचे दोन आठवडे मी ही परीक्षणे कथासंग्रहावरच्या अभिप्रायासारखी, हातात पेन्सिल घेऊन वाचत बसलो.

पहिली गोष्ट लक्षात आली ती या मंडळींच्या आकडेप्रेमाची. जपानात 'फामित्सू' नावाचे खेळांचे नियतकालिक १९८६ मध्ये निघाले. तेथे एकेका खेळाला चार परीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात आणि चाळिसापैकी बेरीज छापतात. पैकीच्या पैकी गुण पहिल्यांदा मिळाले ते १९९८ साली, झेल्डा मालिकेतल्या 'ओकारिना ऑफ टाइम' या खेळाला. बारा वर्षे पैकीच्या पैकी कुणालाच नाहीत! आमच्या विद्यापीठातल्या जुन्या परीक्षकांची आठवण झाली. पुढे २००१ साली अमेरिकेत 'मेटाक्रिटिक' ही संस्था निघाली. तिने जगभरच्या परीक्षकांचे गुण गोळा करून शंभरपैकी एकच आकडा काढायचे ठरवले. कोणत्या परीक्षकाच्या मताला किती वजन, हे मात्र ती सांगत नाही. असे निकालपत्रक आमच्या महाविद्यालयात लावले असते तर मुलांनी प्राचार्यांना कोंडून ठेवले असते.

हा आकडा नुसता शोभेचा असता तर मी हसून सोडून दिला असता. पण २०१० सालचा 'फॉलआउट : न्यू व्हेगास' हा खेळ घ्या. तो रचणाऱ्या कंपनीशी करार असा होता, की मेटाक्रिटिकवर ८५ गुण पडले तर बोनस मिळेल. पडले ८४! एका गुणाने कारागिरांची दिवाळी हुकली. ही गोष्ट त्या कंपनीतल्याच एका लेखकाने २०१२ साली जाहीर केली. एका गुणासाठी दारात येऊन उभे राहणारे पालक मी पाहिले आहेत. त्यांना निदान पुनर्मूल्यांकनाचा अर्ज तरी करता येतो.

उलट बाजूने परीक्षकाच्या मानेवरही सुरी असतेच. 'गेमस्पॉट' या अमेरिकन संकेतस्थळावर जेफ गेर्स्टमन नावाचा परीक्षक होता. 'केन अँड लिंच' हा खेळ त्याने २००७ साली साधारण म्हणून ठरवला. त्याच खेळाच्या जाहिरातींनी त्या दिवसांत गेमस्पॉटचे अंगण सजलेले होते. थोड्याच दिवसांत गेर्स्टमनची नोकरी गेली, आणि जाहिरातदाराचा दबाव होता हे त्याला उघडपणे सांगता आले ते २०१२ साली. नाटकाच्या परीक्षणावरून थिएटरमालक वर्तमानपत्राची जाहिरात बंद करतो, या तक्रारी आपणही ऐकलेल्या आहेतच.

खेळ बाजारात येण्याआधी जी मते छापून येतात त्यांचा प्रकार तर निराळाच. आमच्या तालुक्यात भेंडवळ म्हणून गाव आहे. तेथील घटमांडणी अनेकांना ठाऊक असेल. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात, भोवती अठरा धान्ये ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोणता दाणा कुठे सरकला ते पाहून पाऊसपाण्याचे भाकीत होते. ही परंपरा तीनशे वर्षांहून जुनी सांगतात. शेतकरी भाकीत ऐकतो, मान डोलावतो आणि बियाणे मात्र स्वतःच्या हिशेबाने घेतो. खेळांचे गिऱ्हाईक इतके शहाणे नाही. डिसेंबर २०२० मध्ये पोलंडच्या कंपनीचा 'सायबरपंक २०७७' आला. परीक्षकांच्या हाती आधी दिली होती ती भारी संगणकावर चालणारी प्रत. तीवर नव्वदीचे गुण पडले. साध्या घरगुती यंत्रावर खेळणाऱ्याला मात्र अडखळणारी चित्रे आणि मध्येच बंद पडणारा खेळ मिळाला. आठच दिवसांत सोनी कंपनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला आणि लोकांचे पैसे परत देऊ केले. परीक्षक खोटे बोलले नव्हते. त्यांनी पानात पडले ते चाखले. पंगतीला वेगळेच वाढले गेले.

सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या 'हॉलो नाइट : सिल्कसाँग' या खेळाच्या ऑस्ट्रेलियन कर्त्यांनी म्हणूनच की काय, परीक्षकांना आगाऊ प्रत दिलीच नाही. सगळ्यांनी एकाच दिवशी विकत घ्यावा आणि खेळावा! परीक्षणे उशिरा आली, पण वाचनीय आली. खेळ कठीण असावा तर किती, यावर तेथे जे रण माजले ते मला आपल्याकडच्या दुर्बोध कवितेच्या वादासारखे वाटले. एक पक्ष म्हणतो, कष्टाशिवाय गोडी नाही. दुसरा म्हणतो, दिवसभर कचेरीत खपलेल्या माणसाने रात्री पुन्हा शिक्षा का भोगावी? दोन्ही पक्ष खेळून बोलत होते, हे विशेष.

कारण खेळल्यावाचून बोलण्याची परंपराही मोठी आहे. रॉजर एबर्ट हा अमेरिकेतला नामांकित चित्रपट-समीक्षक. समीक्षेसाठी त्याला १९७५ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले होते. व्हिडिओ गेम ही कधी कला होऊच शकणार नाही, असे त्याने २०१० साली लिहिले. वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडला. अडीच महिन्यांनी त्याने पुन्हा लेखणी उचलली आणि ज्याचा आपण अनुभवच घेतलेला नाही त्याविषयी बोलायलाच नको होते, असे मोकळेपणाने लिहून टाकले. मत मात्र बदलले नाही! हा माणूस मला फार आवडला.

आता आपल्या घरची गोष्ट. पुण्यात 'नॉडिंग हेड्स गेम्स' नावाची लहानशी मंडळी आहे. त्यांनी 'राजी : अॅन एन्शंट एपिक' हा खेळ केला. लोकांकडून वर्गणी गोळा करण्याचा प्रयत्न २०१७ साली फसला, तरी त्यांनी काम सोडले नाही. २०२० मध्ये खेळ जगाच्या बाजारात आला. राजी ही डोंबारखेळ करणारी पोर. गोलू तिचा धाकटा भाऊ. असुर त्याला पळवून नेतात आणि ती हातात त्रिशूळ घेऊन त्याच्या शोधात निघते. गोष्ट एवढीच. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या उत्कृष्ट खेळासाठी ज्या पाच कृतींची नावे आली, त्यांत ही एक होती. पारितोषिक दुसऱ्याला मिळाले.

परदेशी परीक्षकांनी राजीला सरासरी सत्तरीच्या आसपास गुण दिले. म्हणजे आमच्या हिशेबात दहापैकी सात. रंग, वाडे, भित्तिचित्रे, संगीत यांची जवळजवळ सगळ्यांनी तोंड भरून स्तुती केली. लढाई मात्र ओबडधोबड आहे, खेळ चार-सहा तासांत आटोपतो आणि शेवट अर्धवट तुटल्यासारखा वाटतो, असे बहुतेकांनी म्हटले. तक्रारी मला खऱ्याच वाटतात. माझ्या भाच्याने हा खेळ माझ्यासमोर शेवटपर्यंत नेला तेव्हा शेवटच्या दृश्यानंतर तो पडद्याकडे तसाच बघत राहिला आणि म्हणाला, "मामा, पुढचं कुठाय?" आपली माणसे म्हणून यात सूट देण्याचे मुळीच कारण नाही.

पण स्तुतीचे काय? ती वाचताना माझी पेन्सिल वारंवार थांबली. सुंदर, अद्भुत, आगळे... विशेषणे ढीगभर; पुढे काहीच नाही. या खेळात राजी लढत असते तेव्हा वरून दुर्गा आणि विष्णू तिच्याविषयी आपसांत बोलत असतात. तिच्या हातून काय होणार, याची चर्चा करतात, पूर्वकथा सांगतात, मध्येच एकमेकांना टोमणाही मारतात. परदेशी परीक्षकाला हे निवेदन वाटले. काहींना ते जरा अतीच बोलके वाटले. मराठी माणसाला तेथे सूत्रधार आणि नटी दिसतील. आणि मग खरा प्रश्न विचारता येईल : सूत्रधार नाटकाला हात घालून पात्र पुढे ढकलतो, तसे हे दोघे करतात का? माझ्या मते करीत नाहीत. ते गोष्टीच्या कडेला बसून राहतात. ही माझी राजीबद्दलची मोठी तक्रार आहे, आणि ती लढाईच्या तक्रारीपेक्षा मला अधिक महत्त्वाची वाटते.

दुसरे असे, की मधली कथानके छायाबाहुल्यांच्या पद्धतीने दाखवली आहेत. पडद्यामागे दिवा आणि पुढे सरकणाऱ्या काळ्या आकृत्या. ही विद्या आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाने जतन केली आहे. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. पिंगुळीत चामड्याच्या बाहुलीचा हात हलतो तेव्हा मागून माणसाचा आवाज आणि वाद्यांचा ठेका येतो; बाहुली थांबली की ठेका थांबतो. राजीतल्या बाहुल्यांना तो ठेका सापडला आहे का? ज्याने पिंगुळी पाहिली आहे तोच हे सांगू शकेल, आणि त्याने सांगितले तर पुण्याच्या त्या मंडळींनाही पुढच्या खेळाला उपयोग होईल. 'फारच सुंदर' या अभिप्रायाचा कारागिराला काय उपयोग? त्याची पाठ थोपटली जाते. हात सुधारत नाही.

खेळ प्रथम बोलला तोही इंग्रजीतच. हिंदी आवाज त्याला पुढे २०२२ च्या सुधारलेल्या आवृत्तीत लाभला. मराठीची वाट पाहणे आले. ते असो.

नवा प्रकार आला की त्याला पारखणारी भाषाही नवी घडवावी लागते. कादंबरी हा प्रकार मराठीत नवा होता, तिला 'नावल' म्हणत, तेव्हा काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ साली नावल व नाटक यांवर एक निबंध वाचला. मराठीत चांगल्या कादंबऱ्या पुरेशा साठेपर्यंत ते थांबून राहिले नाहीत. मी हे वर्गात दर वर्षी शिकवतो. यंदा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातला एक विद्यार्थी तास संपल्यावर मागे आला. पळसाच्या पानासारखे रुंद कान, शर्टाच्या खिशाला दोन पेन, वडिलांची पाच एकर कोरडवाहू कपाशी. म्हणाला, "सर, त्या राजीवर मी लिवू काय? वार्षिकांकात. ह्या इंग्रजीवाल्यानं सात दिल्ले, पन सात काहून दिल्ले ते त सांगतच नाही ना थो!"

मी म्हटले, "लिही. आकडा घालायचा नाही, एवढीच अट."

लेख आला. भाषा खडबडीत, ऱ्हस्वदीर्घाची दाणादाण. पण इंग्रज परीक्षकांनी ज्या लढाईला ओबडधोबड म्हणून सोडून दिले होते, तिच्याबद्दल याने दोन पाने लिहिली होती. त्रिशुळावर हात लवकर बसतो, कारण त्याचा पल्ला डोळ्यांना दिसतो. धनुष्यावर बसायला वेळ लागतो. आणि तलवार-ढालीवर हात बसायच्या आतच खेळ संपून जातो, असे त्याने लिहिले होते. 'हात बसणे'! रंद्यावर सुताराचा हात बसतो, तबल्यावर वादकाचा बसतो. परीक्षणाच्या त्या ढिगाऱ्यात इतका नेमका शब्द मला एकाही जागी आढळला नव्हता.

संपादक मंडळाच्या बैठकीत थोडी कुरबुर झाली. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की वार्षिकांकात असल्या खेळांना जागा देणे म्हणजे पालकांच्या शिव्या ओढवून घेणे. त्यांची काळजी खोटी नाही. आमच्या गल्लीतच दोन मुले या नादापायी बारावीला रखडली आहेत. तासभर वाद चालला. अखेर दुर्गा-विष्णूंवरचा भाग त्याने वाढवावा आणि सूत्रधाराचा संदर्भ तपासून घ्यावा, या अटीवर चार पाने मंजूर झाली. त्याला सहा हवी आहेत. सोमवारी तो पुन्हा येणार आहे.