बोलणाऱ्याला शिकवून झाले, ऐकणाऱ्याचे काय?

कारखान्यात, बँकेत, रुग्णालयात किंवा सरकारी कचेरीत काही मोठे बिनसले की चौकशीअंती एक ठरलेले निदान पुढे येते: 'कम्युनिकेशन गॅप' होती. उपायही ठरलेलाच. दोन दिवसांचे प्रशिक्षण, बाहेरून बोलावलेला वक्ता, ईमेल कसा लिहावा, मुद्दा थोडक्यात कसा मांडावा, पडद्यावर एका वेळी किती ओळी असाव्यात. प्रशिक्षणाला बसते ती खालची आणि मधली फळी. ज्यांच्या सहीने निर्णय होतात ते उद्घाटनाचे चार शब्द बोलून निघून जातात. सांगणाऱ्याला नीट सांगता येत नाही म्हणून संघटनेतला संवाद बिघडतो, असे यात गृहीत धरलेले असते. हे गृहीत चुकीचे आहे, आणि त्यापायी माणसे मेली आहेत.

पूर्वपक्षावर अन्याय नको, म्हणून त्याचा सर्वांत भक्कम पुरावाच आधी घेतो. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया हे अंतराळयान उडाले. सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधन टाकीवरचा फोमचा एक तुकडा सुटला आणि यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत फिरत असतानाच बोइंगच्या अभियंत्यांनी या आघाताचा अभ्यास करून नासापुढे सादरीकरण केले. त्यातली एक स्लाइड आज संवादकौशल्याच्या वर्गांत हमखास दाखवली जाते. शीर्षक धीर देणारे, त्याखाली मुद्दे आणि उपमुद्दे यांची उतरंड, आणि अगदी तळाला, बारीक अक्षरांत, खरी गोष्ट: आधीच्या चाचण्या ३ घन इंचांच्या तुकड्यांवर झालेल्या होत्या, प्रत्यक्षात आदळलेला तुकडा अंदाजे १९२० घन इंचांचा होता. म्हणजे ६४० पट. आधीच्या चाचण्यांवरून इथे काहीच ठरवता येत नव्हते, ही एवढी एकच गोष्ट त्या पानावर मोठ्या अक्षरांत असायला हवी होती. दुर्घटनेनंतरच्या चौकशी मंडळाने या स्लाइडवर टीका केली आणि एडवर्ड टफ्टी या माहिती-मांडणीच्या अभ्यासकाने तिची ओळ न् ओळ सोलून काढली. स्लाइड वाईट होती, हे मला शंभर टक्के मान्य आहे.

पण ती चांगली असती तर कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी परत आले असते, असे जे सुचवले जाते ते त्याच चौकशी अहवालापुढे टिकत नाही. पंखाला नेमकी किती इजा झाली हे पाहण्यासाठी कक्षेतल्या यानाची छायाचित्रे घ्यावीत, अशी मागणी वेगवेगळ्या वाटांनी तीनदा झाली. एकाही मागणीची भाषा संदिग्ध नव्हती. नासाचे अभियंते रॉडनी रोचा यांनी तर, बाहेरच्या यंत्रणेकडे मदतीसाठी हात जोडता येतील का, असे ईमेलमध्ये विचारले होते. एक मागणी संरक्षण खात्यापर्यंत जाऊन पोहोचली, आणि तिथून ती मागे घेतली गेली. कारण आपल्याकडच्या कोणाही कर्मचाऱ्याला पाठ असेल: मागणी 'थ्रू प्रॉपर चॅनेल' आलेली नव्हती. वरच्यांनी ही मागणी मुळात कोणाची, अधिकृत आहे का, याची विचारपूस केली. हे लोक छायाचित्रे का मागताहेत, हा प्रश्न मात्र मागणाऱ्यांपर्यंत आलाच नाही.

नकार कळल्यावर रोचांनी आणखी एक ईमेल लिहिला. छायाचित्रे न मागणे हे बेजबाबदारपणाच्या सीमेवरचे आहे, असे त्यात स्वच्छ म्हटले होते. नासाच्या भिंतींवर जागोजागी लावलेल्या सुरक्षिततेच्या पोस्टरांची आठवणही त्यात होती. धोका दिसला तर बोला, असे ती पोस्टरे सांगत असत. हा ईमेल त्यांनी छापून एका सहकाऱ्याला दाखवला आणि वर मात्र पाठवला नाही. आपल्या पायरीच्या फार वरच्या माणसाला असे लिहायचे नसते, असे त्यांना वाटत होते. या माणसाला लिहिता येत नव्हते, असे कोण म्हणेल? कोणत्या प्रशिक्षणाने तो ईमेल गेला असता?

उलट दिशेचा संवाद मात्र सुरळीत चालू होता. २३ जानेवारीला जमिनीवरून यानाच्या कमांडरला ईमेल गेला: फोम आदळला आहे, परतीच्या दृष्टीने चिंतेचे काही कारण नाही. वर्गात शिकवतात त्या साऱ्या कसोट्यांवर हा संदेश उतरतो. थोडक्यात, सौजन्याने, वेळेवर, सोप्या भाषेत. फक्त तो खरा नव्हता. १ फेब्रुवारीला यान परतीच्या वाटेवर आकाशात तुटले. वरून खाली जाणारा शब्द किती सफाईदार आहे यावरून संघटनेचा संवाद मोजणाऱ्यांनी या दोन ईमेलांचा, एक न गेलेला आणि एक गेलेला, शेजारी ठेवून विचार करावा.

'प्रॉपर चॅनेल'च्या कैवाऱ्यांना आणखी एक उत्तर देणे आहे. शिस्त हवी, उतरंड हवी, म्हणून ते व्यवस्थापनशास्त्रातल्या आंरी फेयॉलचा हवाला देतात. फेयॉलने १९१६ साली अधिकाराची साखळी मांडली हे खरे. पण त्याच विवेचनात त्याने 'गँगप्लँक'ही दिला. दोन विभागांतल्या समान पातळीवरच्या माणसांनी, वरिष्ठांची संमती घेऊन आणि त्यांना माहिती देऊन, थेट बोलावे, कारण प्रत्येक गोष्ट साखळीने वर चढवून खाली उतरवण्यात कामाचा घात होतो. वाणिज्य शाखेच्या मुलांना हा पूल आकृतीसह शिकवतात. नोकरीला लागल्यावर त्यांच्या हाती साखळी तेवढी उरते.

पण उतरंड हे सुद्धा मूळ दुखणे नव्हे. मूळ प्रश्न, सिद्ध करण्याचे ओझे कोणाच्या डोक्यावर, हा आहे. कोलंबियाच्या वेळी अभियंत्यांना विचारले गेले की छायाचित्रांची अनिवार्य गरज तुम्ही दाखवू शकता का. ती गरज छायाचित्रांवाचून दाखवता येत नव्हती. त्याआधी सतरा वर्षे, चॅलेंजर या अंतराळयानाच्या वेळी नेमके हेच घडले होते. २७ जानेवारी १९८६ च्या संध्याकाळी मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या अभियंत्यांनी दूरध्वनीवरच्या बैठकीत नासाला सांगितले की रॉकेटच्या सांध्यांतली रबरी कडी थंडीत काम देणार नाहीत, ५३ अंश फॅरेनहाइटच्या खाली उड्डाण करू नका. त्यांच्यातल्या रॉजर बॉइजोली यांनी तर असा धोक्याचा इशारा सहा महिने आधीच लेखी दिला होता. नासाकडून नाराजी आली. कंपनीने पाच मिनिटे मागून घेतली, बैठक अर्धा तास लांबली, शेवटचा निर्णय व्यवस्थापकांनी अभियंत्यांना बाजूला ठेवून घेतला आणि होकार कळवला. उड्डाण सुरक्षित आहे हे दाखवा, या नेहमीच्या रिवाजाऐवजी त्या रात्री उड्डाण असुरक्षित आहे हे दाखवा, अशी मागणी झाली होती. दुसऱ्या दिवशी ७३ सेकंदांत सात जण गेले. अंतिम परवानगी देणाऱ्या सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांना आदल्या रात्री असा वाद झाला हेच ठाऊक नव्हते. अभियंत्यांचे आलेख कच्चे होते, असे इथेही म्हणणारे आहेत. होते. पण शंका घेणाऱ्याकडून निर्विवाद पुरावा मागायचा आणि पुढे जाणाऱ्याकडून काहीच मागायचे नाही, ही तराजूच खोटी असेल तर आलेख सुधारून काय साधणार?

ज्याला अजूनही प्रश्न मांडणीचा वाटतो त्याने मंगळूर आठवावे. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले, १५८ माणसे गेली. सहवैमानिकाने उतरणे रद्द करून पुन्हा वर चला, असे तीनदा म्हटल्याचे चौकशीत नोंदले गेले. दोन शब्दांची सूचना, योग्य वेळी, एका हाताच्या अंतरावर बसलेल्या माणसाला. तिच्यात काय सुधारणा करणार?

यावर व्यवहारी माणसाचा आक्षेप येतो, आणि तो हलका नाही: प्रत्येकाच्या शंकेपाशी थांबलो तर काम कधी होणार? थांबण्याची रीत आखून दिली तर होते. टोयोटाच्या कारखान्यात दोष दिसताच कामगार दोरी ओढतो. लाइन त्याच क्षणी बंद पडत नाही. आधी गटप्रमुख धावत येतो, आणि गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत पोहोचेतो दोष निघाला नाही तरच लाइन थांबते. दोरी ओढणाऱ्याला पुरावा मागत नाहीत. येणे हे वरिष्ठाचे काम आहे. विमानसेवेतही अनेक कंपन्यांचा असाच नियम आहे की दोनदा हरकत घेऊनही कॅप्टनकडून उत्तर आले नाही, तर सहवैमानिकाने ताबा घ्यावा. नियम असूनही मंगळूर घडते, कारण तो अंगवळणी पाडण्याचे काम कॅप्टनच्या खुर्चीपासून सुरू करावे लागते. वैमानिकांच्या आपसांतल्या संवादावर पहिली मोठी कार्यशाळा १९७९ साली भरवली ती नासानेच. विमानाच्या कॉकपिटसाठी जे ओळखले ते नासाच्या बैठकीच्या खोलीत पोहोचले नाही.

आपल्या सरकारी नस्तीची आपण फार निंदा करतो, पण तिच्यात एक मोलाची सोय आहे. कनिष्ठाने टिप्पणीत प्रतिकूल मत लिहिले की ते त्याच्या सहीनिशी कागदावर राहते. वरिष्ठाला ते डावलायचे असेल तर स्वतःच्या सहीने वेगळे मत लिहावे लागते. म्हणजे ऐकल्याचा पुरावा वरच्याकडून मिळतो. ही सोय मोडण्याचा मार्गही सर्वांना माहीत आहे: 'चर्चा करावी' असा शेरा मारून नस्ती परत पाठवायची, तोंडी समज द्यायची आणि नवी टिप्पणी मागवायची. खासगी कंपन्यांत तर मूळ टिप्पणीच नसते; बैठकीच्या इतिवृत्तात निर्णय येतो, हरकत गळते.

म्हणून माझी मागणी प्रशिक्षणाच्या नव्या विषयाची नाही. हरकत कोणी घेतली, वरिष्ठाने ती का मानली नाही, हे कारणासह लिहिणे निर्णय घेणाऱ्यावर बंधनकारक करा. ते उत्तर हरकत घेणाऱ्याला परत कळवा. वार्षिक मूल्यमापनाच्या तक्त्यात कनिष्ठाच्या संवादकौशल्याला गुण देता, तसा वरिष्ठासाठी एक रकाना घाला: यंदा तुमच्या कोणत्या निर्णयावर खालून आक्षेप आला आणि त्याचे तुम्ही काय केले? तो रकाना सलग दोन वर्षे कोरा आला तर त्या अधिकाऱ्याच्या हाताखालच्या माणसांना, त्याच्या अनुपस्थितीत, एकेकटे बोलवून विचारा.