शिवू नका, मोटार आहे

गोदीत मोटारींच्या जहाजावर पहिली पाळी लागली तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. मॅट्रिक झालेला. खिशात कवितांची वही. ठेकेदाराच्या मुकादमानं सगळ्या टोळीला ओळीत उभं केलं अन् म्हणाला, "घड्याळ काढा. कडं काढा. अंगठी काढा. ज्याच्या पट्ट्याचं बक्कल दिसतंय त्यानं पट्टा काढा. पँट घसरली तरी चालंल, मोटारीला ओरखडा पडता कामा नये. कामापुरता हात लावायचा. बाकी शिवायचं नाय."

शिवायचं नाय!

दोस्तांनो, हा शब्द माझ्या ओळखीचा होता. माझी आजी गावाकडं पाटलाच्या दारात ओंजळ धरून बसायची अन् वरून पाणी ओतलं जायचं. तिला हाच शब्द ऐकवायचे. मला वाटलं होतं, तो शब्द गावात मेला. तो मुंबई बंदराच्या धक्क्यावर सुपरवायझरच्या शिट्टीबरोबर परत भेटला.

रंगाला ओरखडा पडू नये म्हणून हा नियम आहे, हे मला कळतं. मी काही बावळट नाही. पण जो शब्द आपल्या अंगावर पिढ्यान् पिढ्या वळ उठवत आला, तो नव्या कारणानं आला म्हणून काय अंग विसरतं? १९०१ साली मसूर स्टेशनावर लहानग्या भीमराव आंबेडकरांना अन् त्यांच्या भावंडांना एक गाडीवान बैलगाडीत घेईना. गाडी विटाळेल म्हणून. शेवटी दुप्पट भाडं कबूल करून पोरांनीच गाडी हाकायची ठरली, अन् गाडीवान बाजूनं चालला. तेव्हा माणसानं गाडी बाटत होती. आज माणसानं मोटार खराब होते. मधे सव्वाशे वर्षं गेली.

आमचं काम सांगतो. मोटारींचं जहाज म्हणजे पाण्यावर तरंगणारी दहा-बारा मजली चाळ. ड्रायव्हर मोटार वर नेऊन लावतो. दोन मोटारींच्या मधे वीतभर जागा. आम्ही लॅशिंगवाले डेकवर आडवे होतो, एका हुकात पट्टा अडकवतो, दुसरं टोक डेकच्या भोकात, अन् करकचून आवळतो. समुद्र कितीही खवळला तरी मोटार जागची हलता कामा नये. तिला असे पट्टे. माझा एकच होता, तोही मुकादमानं काढून घेतला.

आता मोटारींच्या बातम्या वाचू या. पेपरात अधूनमधून मथळा येतो : वाहन उद्योग संकटात. अमुक कंपनी बुडण्याच्या बेतात. वाचून पांढरपेशे हळहळतात. मी गोदीतला माणूस. बुडणं म्हणजे काय ते मला दुसरीकडून कळतं. म्हणून आधी खरोखर बुडालेल्या मोटारींची गोष्ट.

फेब्रुवारी २०२२. 'फेलिसिटी एस' नावाचं जहाज जर्मनीहून अमेरिकेला निघालेलं. पोटात सुमारे चार हजार मोटारी. पोर्शे, आऊडी, बेंटली, लॅम्बोर्गिनी. अझोर्स बेटांजवळ आग लागली. बावीस खलाशी वाचले. १ मार्चला जहाज तळाला गेलं. त्यात लॅम्बोर्गिनीच्या एका मॉडेलच्या पंधरा गाड्या होत्या. ते मॉडेल बंद व्हायला आलेलं, ठरलेल्या सगळ्या गाड्या विकून झालेल्या. मग गिऱ्हाइकांचं काय? कंपनीनं त्या पंधरा गाड्या नव्यानं बनवायला घेतल्या. बनवू शकते कंपनी. मनात आणलं की संपलेलं कामही पुन्हा सुरू होतं.

जुलै २०२३. 'फ्रीमँटल हायवे'. नेदरलँड्सच्या किनाऱ्याजवळ तसंच जहाज पेटलं. पोटात पावणेचार हजारांवर गाड्या. तेवीस खलाशी. आगीपुढं पर्याय राहिला नाही तेव्हा काहींनी उंचावरून थेट समुद्रात उड्या टाकल्या. एक खलाशी मेला. तो भारतीय होता. जगभरच्या बातम्यांत काय मोजलं गेलं? विजेवरच्या गाड्या किती, पेट्रोलच्या किती, विमा किती कोटींचा. मोटारींचे आकडे दिवसेंदिवस सुधारून छापले. मेलेल्या माणसाचा आकडा 'एक'. तो सुधारायची गरज नव्हती.

आता दुसरं बुडणं. तळेगावचं.

पुण्याजवळ तळेगावला जनरल मोटर्सनं २००८ साली कारखाना उघडला. कंपनीचा धंदा इथं चालेना. २०१७ साली तिनं भारतात मोटारी विकणं बंद केलं अन् तळेगावात फक्त परदेशासाठी मोटारी बनवत राहिली. त्या मोटारी मुंबई बंदरातून परदेशी जायच्या. डिसेंबर २०२० मध्ये शेवटची मोटार बाहेर पडली. २०२१ साली, कोरोनाची लाट चालू असताना, १,४१९ कामगारांना ले-ऑफची नोटीस लागली.

पुढं कारखाना विकायला निघाला. आधी एका चिनी कंपनीशी बोलणी, ती सरहद्दीच्या भांडणात फिसकटली. मग २०२३ साली ह्युंदाईनं करार केला. करारात काय काय होतं ते नीट वाचा : जमीन, इमारती, काही यंत्रं आणि सामान. झाली यादी. लोखंडाचा प्रेस यादीत. पत्र्याचं छप्पर यादीत. त्या छपराखाली दहा-बारा वर्षं उभा राहिलेला माणूस यादीत नाही. कामगारांनी आंदोलनं केली, कोर्टकचेरी केली. मागणी एकच : नव्या मालकानं आम्हाला कामावर घ्यावं. हातातलं काम तेच, कारखाना तोच, मोटारच बनवायची आहे. २०२५ मध्ये तळेगावातून पुन्हा मोटारी बाहेर पडू लागल्या, ह्युंदाईच्या.

म्हणजे बुडालं काय? जमीन जागेवर आहे. इमारत जागेवर आहे. जनरल मोटर्स अमेरिकेत धडधाकट आहे. मोटार पुन्हा निघते आहे. पंधरा लॅम्बोर्गिनींसाठी आवरलेलं काम पुन्हा मांडता येतं, अन् चालू होणाऱ्या कारखान्यात १,४१९ माणसं परत उभी करता येत नाहीत? येतात. करायची नसतात.

ह्याच जनरल मोटर्सची जुनी गोष्ट तिच्या घरची, डेट्रॉइटची. नोव्हेंबर २००८. अमेरिकेतल्या तीन मोठ्या मोटार कंपन्यांचे साहेब सरकारकडं मदत मागायला वॉशिंग्टनला गेले. मागणी पंचवीस अब्ज डॉलरची. गेले कसे? तिघं तीन वेगळ्या खाजगी विमानांतून. भीक मागायला विमानानं! आपल्याकडचा भिकारी निदान लोकलच्या डब्यात उभा राहतो. १ जून २००९ ला जनरल मोटर्सनं दिवाळं जाहीर केलं. सरकारनं लोकांच्या पैशानं तिला उचलून उभं केलं, अन् त्या व्यवहारात लोकांच्या तिजोरीला दहा अब्ज डॉलरच्या वर खोट आली. कामगारांनी काय दिलं? २००७ च्या करारापासूनच नव्या कामगाराचा पगार जुन्याच्या जवळपास निम्मा करून ठेवला होता. एकाच लाइनवर शेजारी शेजारी दोघं, स्क्रू तोच, पगार दोन जातींचा. हो, जातींचाच. दुसरा शब्द मला सापडत नाही.

डेट्रॉइटचं नाव आपल्याला नवं नाही. ज्या काळ्या माणसांच्या लढ्यावरून १९७२ साली इथल्या पोरांनी 'पँथर' हे नाव उचललं, त्यांच्याच भावांनी मे १९६८ मध्ये डॉजच्या कारखान्यात काम बंद पाडलं आणि आपली संघटना काढली : डॉज रिव्होल्यूशनरी युनियन मूव्हमेंट. का? कारण भट्टीजवळचं, रंगाच्या वाफेतलं, सगळ्यात घाण काम काळ्याला अन् मुकादमी गोऱ्याला. ते मालकाशी भांडले अन् स्वतःच्या गोऱ्या युनियन पुढाऱ्यांशीही भांडले. हे आपण ध्यानात ठेवायला पाहिजे.

तेच रडगाणं अजून चालू आहे. डिसेंबर २०२४ : फोक्सवागन जर्मनीत २०३० पर्यंत ३५ हजारांवर नोकऱ्या कमी करणार. मे २०२५ : निस्सान जगभरात २० हजार माणसं घालवणार, सतरापैकी सात कारखाने बंद करणार. त्याच वर्षी निस्साननं पायउतार झालेल्या चार बड्या अधिकाऱ्यांना मिळून ६४ कोटी येनच्या वर दिले. कंपनी ज्यांच्या हातात बुडाली त्यांना जाताना थैली. ज्यांच्या हातांनी ती तरंगत होती त्यांना नोटीस. विजेची मोटार आली, चीनची स्वस्त मोटार आली, गिऱ्हाईक फिरलं, ही कारणं खोटी नाहीत. पण लाइनवरच्या माणसानं बॅटरीचा निर्णय चुकवला होता काय? निर्णय वरच्या मजल्यावर. शिक्षा तळमजल्याला.

मग पैसा नाही म्हणता? पैसा कुठं आहे ते दाखवतो.

मे २०२२, जर्मनीतलं स्टुटगार्ट. मर्सिडीजनं आपली १९५५ सालची एक मोटार लिलावात विकली. तशा दोनच बनल्या होत्या. किंमत आली साडेतेरा कोटी युरो. आपल्या पैशात हजार कोटी रुपयांच्या वर. एक मोटार! तो पैसा शिष्यवृत्त्यांना गेला म्हणतात. जाऊ दे. मी विकत घेणाऱ्याच्या खिशाबद्दल बोलतोय. माझी हजेरी साडेसहाशे रुपये. वर्षात तीनशे हजेऱ्या धरल्या अन् चहासुद्धा प्यायलो नाही, तर हजार कोटी साठवायला मला एक्कावन्न हजार वर्षं लागतील.

ब्रुनेईच्या सुलतानाच्या घराण्यानं मोटारी हजारांनी घेतल्या. रोल्स रॉईस, बेंटली, फेरारी. काही तर जगात दुसरीकडं कुठंच नाहीत, त्यांच्यासाठीच घडवलेल्या. त्यातल्या कित्येक गॅरेजच्या दमट हवेत पडून खराब झाल्याची वर्णनं छापून आली. लांब कशाला? मुंबईतल्या अल्टामाउंट रोडवरच्या सत्तावीस मजली घरात सहा मजले मोटारींसाठी आहेत, असं पेपरांनी किती वेळा कौतुकानं छापलं. आमच्या खोलीत सहा माणसं आहेत. मजला एकच. तोही पोटमाळा धरून.

अन् ह्या संग्रहातल्या मोटारीची किंमत कशानं वाढते? न चालल्यानं. जितकी कमी चालली तितकी महाग. पांढरे हातमोजे घालून पुसायची, कापड टाकून झाकायची, बोट लागू द्यायचं नाही. तिची अस्पृश्यता म्हणजे तिची किंमत! माझ्या आजीची अस्पृश्यता म्हणजे तिची शून्य किंमत. सोवळ्यातली मोटार अन् ओवळ्यातला माणूस. मनूला मेकॅनिक केलं असतं तर त्यानं हेच गॅरेज बांधलं असतं.

आता थोडं आपल्या घरात बघू. राग आला तर येऊ दे.

आपली पोरं रात्र रात्र मोबाइलवर लॅम्बोर्गिनीचे व्हिडिओ बघतात. जयंतीला निळा झेंडा लावलेली फॉर्च्युनर वस्तीत शिरली की काच खाली व्हायची वाट बघत पन्नास जण उभे. काच खाली होते, एक हात बाहेर येतो, आपण कृतार्थ. अरे, तो हात आपल्याला शिवतो म्हणून आपण खूश होतो! हेच आजीनं केलं असतं तर आपण तिला गुलाम म्हटलं असतं.

कुणी म्हणेल, आमच्या माणसानं मोटार घेऊ नये काय? ज्यांच्या नवरदेवाला घोड्यावरून उतरवलं जातं त्यांनी चार चाकं घेतली तर तुझ्या पोटात का दुखतं? दुखत नाही. घ्या. मोठी घ्या. मी बैलगाडीवाल्या गांधीबाबाचा चेला नाही. बाबासाहेबांनी १९४५ च्या ग्रंथात यंत्राची बाजू उघड घेतली, कारण यंत्र माणसाला जनावराच्या कष्टातून सोडवू शकतं. माझं भांडण यंत्राशी नाही. यंत्र यादीत अन् माणूस यादीबाहेर, ह्या यादीशी आहे.

ती यादी आता कायद्यानंही लांबवली आहे. नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. पूर्वी शंभर कामगारांच्या कारखान्याला टाळं लावायचं तर सरकारची परवानगी लागायची. आता तीनशेच्या आतल्या कारखान्याला ती लागत नाही. चाकण-भोसरीच्या गल्ल्यांत मोटारीचे सुटे भाग बनवणारी शेडं आठवा. तिथं कोण काम करतं? तुमचा भाऊ, माझा मेहुणा. उद्या मोठी कंपनी खोकली की ह्या शेडांना न्यूमोनिया होईल, अन् टाळं ठोकायला मालकाला कुणाला विचारावं लागणार नाही.

मग करायचं काय? कविता? कविता मी लिहितोच. पण २०२३ साली अमेरिकेतल्या मोटार कामगारांनी काय केलं ते बघा. तिन्ही कंपन्यांत एकदम संप पुकारला. सहा आठवडे झुंजले. साडेचार वर्षांत पंचवीस टक्के पगारवाढ लिहून घेतली अन् ती दोन जातींची पगारपद्धत बरीचशी मोडली. तिथं काळे होते, गोरे होते, बाया होत्या. आपण इथं कायम कामगार वेगळा, ठेक्याचा वेगळा, ट्रेनी वेगळा, अन् प्रत्येकाची जात आणखी वेगळी. मुकादमाला आणखी काय पाहिजे?

कारखाना विकला जाईल तेव्हा यादीत पहिलं नाव माणसाचं आलं पाहिजे. जमीन दुसरी, यंत्र तिसरं. ही मागणी वस्तीत, युनियनमध्ये, पुढाऱ्याच्या फॉर्च्युनरच्या काचेवर टकटक करून सांगा. काच खाली झाली नाही तर पुढल्या वेळी त्या गाडीमागं धावू नका.

परवा पाळीत एका नव्या पोरानं मला विचारलं, "दादा, ह्यातली एखादी कधी चालवायला मिळंल का रं आपल्याला?" पोर गोड होतं. मी म्हणालो, "बाळा, आधी पट्टा परत माग."

त्यानं मागितला नाही. अजून मीही मागितलेला नाही. पुढच्या पाळीला आम्ही दोघं मिळून मागणार आहोत.