मालिका पुन्हा लागते, पैसा पुन्हा येतो. मानधन मात्र एकदाच!

आज दुपारी टीव्ही लावा आणि जुनं किती चाललंय ते जरा मोजा. काल रात्रीचा भाग सकाळी पुन्हा, दुपारी पुन्हा. कधीच संपलेली मालिका दुसऱ्या चॅनेलवर पहिल्या भागापासून. 'अशी ही बनवाबनवी' १९८८ चा. तो अजून लागतो आणि आपण अजून बघतो.

बघण्याला माझी हरकत नाही, मीही बघतो. माझा प्रश्न पैशाचा आहे.

हा धंदा समजून घ्या. सेट, कॅमेरा, लाईट, कलाकार, गाड्या, जेवण हा सगळा खर्च एकदाच होतो. तोच भाग दुसऱ्यांदा दाखवताना निर्मितीचा खर्च शून्य. जाहिराती मात्र परत लागतात. नियमाप्रमाणे तासाला १२ मिनिटं जाहिरात दाखवता येते, मग भाग ताजा असो की शिळा. जुन्या भागाला दर कमी मिळत असेल, पण शिजवायचं काहीच नाही, नुसतं वाढायचंय. वर ओटीटीला हक्क विका, दुसऱ्या भाषेत डब करा, ते वेगळंच. डीडी फ्री डिशवर मोठ्या कंपन्यांनी जुन्या हिंदी मालिकांच्या जोरावर अख्खी चॅनेलं चालवली.

शिळ्या कढीला ऊत कसा येतो ते २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळ्यांनी बघितलं. शूटिंग बंद पडलं आणि २८ मार्चपासून १९८७ चं 'रामायण' पुन्हा सुरू झालं. १६ एप्रिलचा भाग ७.७ कोटी लोकांनी पाहिला, असं दूरदर्शननं स्वतः जाहीर केलं. नव्या मालिकांना जे जमत नाही, ते तेहेतीस वर्षं जुन्या कामानं करून दाखवलं.

आता ज्यांनी काम केलं त्यांच्याकडं या. खाजगी चॅनेलच्या मालिकेत बहुतेक वेळा सगळे हक्क, सगळ्या माध्यमांसाठी, कायमचे चॅनेलकडं जातात. कलाकाराला दिवसाचा हिशेब, आणि तोही अनेकदा ९० दिवसांनी. मालिका पुन्हा लागली की त्याला कळतं कसं? शेजारी सांगतात, "अरे, तू आज टीव्हीवर दिसलास!"

लोक म्हणतील, करारावर सही केली ना, मग कुरकुर कशाला? थांबा. २०१२ साली कॉपीराइट कायदा बदलला. जावेद अख्तर राज्यसभेत यासाठी भांडले. त्या दुरुस्तीनं लेखक, गीतकार, संगीतकारांना थिएटरबाहेरच्या वापरासाठी रॉयल्टीचा समान वाटा दिला. हा हक्क सोडून देतो असं लिहून घेतलं तरी ते कायद्यानं रद्द! कलाकारालाही व्यावसायिक वापराची रॉयल्टी कायद्यात लिहिलीय. म्हणजे आपण भीक मागत नाही, कायद्यातलं मागतोय.

दुसरा मुद्दा येतो की मालिका आपटली तर तोटा चॅनेल सोसतं. मान्य. पण रॉयल्टी पुन्हा दाखवल्यावर द्यायची असते. दाखवलीच नाही तर देणं नाही. यात तोटा कुठून आला?

अमेरिकेत हे भांडण १९६० मध्येच झालं. सिनेमे टीव्हीवर दाखवायला लागले तेव्हा तिथले नट आणि लेखक संपावर गेले. नटांच्या संघटनेचा अध्यक्ष होता रोनाल्ड रेगन, पुढं राष्ट्राध्यक्ष झाला तोच. संपानंतर नव्या सिनेमांच्या टीव्ही प्रक्षेपणाचा वाटा मिळाला, पेन्शन आणि आरोग्य निधी उभा राहिला. जुन्या सिनेमांचं मात्र पाणी सोडावं लागलं. २०२३ मध्ये ओटीटीच्या वाट्यासाठी तेच नट पुन्हा ११८ दिवस संपावर बसले. भांडवलशाहीच्या माहेरघरी हे चालतं, मग आपल्याकडं हक्क मागितला की "काम मिळणार नाही" ही धमकी का?

आपल्या सातारा-कोल्हापूर पट्ट्यासाठी यात आणखी एक गोम आहे. इथं वाडे, घाट, शेतं सगळं मालिकांना हवं असतं. सोबत तमाशातली, भजनी मंडळातली, हौशी रंगभूमीवरची माणसंही. किरकोळ भूमिका केली आणि नामावलीत नावच नसण्याची रीत असली, तर कायदा त्याला रॉयल्टीपुरता 'कलाकार' मानतच नाही. म्हणून पडद्यावरचं ते नाव नुसती हौस नाही, तो पुरावा आहे. हीच माणसं म्हातारपणी वृद्ध कलावंत मानधनासाठी चकरा मारतात. ज्याच्या कामावर जाहिराती विकल्या जातात, त्याचं म्हातारपण सरकारी तिजोरीनं सांभाळायचं. हा कुठला न्याय?

माझ्या मागण्या तीन. बोलणाऱ्या प्रत्येक कलाकाराचं नाव नामावलीत आलंच पाहिजे. कराराची प्रत मराठीत, सही करतानाच हातात पडली पाहिजे. आणि सरकार मराठी चित्रपटांना अनुदान देतं, तर रॉयल्टी देण्याची लेखी हमी असल्याशिवाय एक रुपया सोडू नये. आमच्या आमदार-खासदारांना शूटिंगच्या मुहूर्ताला नारळ फोडायला वेळ मिळतो. हा प्रश्न सभागृहात मांडायलाही मिळावा.

तुमच्या घरात, गल्लीत कुणी मालिकेत काम केलं असेल तर दोनच गोष्टी विचारा. पडद्यावर नाव आलं का? कराराची प्रत आहे का? उत्तर खाली लिहा. कंपनीचं नाव नको, फक्त हो की नाही. आकडा समोर आला की पुढचं मी बघतो.