एका सत्राचा परदेशवास

गेल्या महिन्यांत एके दिवशीं सायंकाळीं आमचे एक जुने विद्यार्थी सपत्नीक आमच्या घरीं आले. त्यांची कन्या महाविद्यालयाच्या तिसऱ्या वर्षांत शिकते. तिच्या महाविद्यालयाचा जर्मनींतील गोटिंगेन विद्यापीठाशीं करार असून, हिवाळ्याचें एक सत्र तेथें काढण्यासाठीं तिची निवड झाली आहे. "सर, पाठवावें कीं न पाठवावें?" असा त्यांचा सरळ प्रश्न होता. मुलीची आई अनुकूल, काका तटस्थ आणि आजी प्रतिकूल, असें घरांतील बलाबल त्यांनीं आम्हांस सांगितलें.

हा प्रश्न आम्हांस नवा नव्हता, आणि म्हणूनच तो ऐकून आम्ही कांहीं वेळ स्तब्ध राहिलों. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं याच गृहस्थांचे वडील असाच प्रश्न घेऊन आमच्याकडे आले होते. त्या वेळीं परदेशीं जाण्याची संधि या गृहस्थांस आली होती. "सहा महिन्यांत काय होणार? येथील परीक्षा बुडेल, वर्ष वायां जाईल. आधीं पदवी घेऊं द्या, मग जग पाहूं द्या," असा सल्ला आम्हीं दिला, आणि तो मानला गेला. पदवी मिळाली, नोकरी लागली, संसार सुरू झाला, आणि जग पाहावयाचें तेवढें राहून गेलें. त्यांनीं आम्हांस कधीं बोल लाविला नाहीं. परंतु मुलीविषयीं विचारावयास ते पुन्हां आमच्याकडेच आले, हें आम्हांस बोल लावण्याहून अधिक लागलें.

आमचा तो सल्ला चुकला खरा, तरी त्यामागील भीति अगदींच खोटी नव्हती. परदेशांत केलेल्या सहा महिन्यांच्या अभ्यासाचा जमाखर्च स्वदेशीं कोणी मांडीत नसे. ही अडचण केवळ आपल्याच देशाची होती असेंहि नाहीं. सोफिया कोर्रादी या इटालियन विदुषी १९५७ सालीं शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत शिकावयास गेल्या. तेथून परतल्यावर रोममधील त्यांच्या विद्यापीठानें तो अभ्यास जमेस धरण्याचें नाकारलें. त्या अपमान गिळून बसल्या नाहींत. १९६९ पासून त्यांनीं या प्रश्नाचा पाठपुरावा केला, आणि अखेर १९८७ सालीं युरोपांतील राष्ट्रांनीं 'इरॅस्मस' नांवाची योजना सुरू केली. पॅरिस, केंब्रिज, बाझेल अशीं विद्यास्थानें हिंडलेल्या एका डच पंडिताचें हें नांव. पहिल्या वर्षीं ११ देशांतील ३,२४४ विद्यार्थी या योजनेंतून परदेशीं गेले. आज हा आंकडा लक्षावधींवर गेला आहे.

या योजनेचें मर्म प्रवासांत नाहीं, हिशेबांत आहे. वर्षाच्या अभ्यासास ६० श्रेयांक आणि एका सत्रास ३०, असें माप त्यांनीं ठरविलें, आणि कोणत्याहि देशांत मिळविलेले श्रेयांक घरच्या विद्यापीठानें जमेस धरावे असा करार केला. आपल्याकडेहि विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२१ सालीं श्रेयांक साठवून ठेवण्याची पेढी उघडली. पुढें २०२२ च्या नियमांन्वयें, परदेशी विद्यापीठाच्या जोडीनें चालणाऱ्या एका प्रकारच्या अभ्यासक्रमांत ३० टक्क्यांपर्यंत श्रेयांक बाहेरून आणण्याची मुभा दिली. म्हणजे ज्या कारणास्तव आम्हीं बापास अडविलें, तें कारण लेकीच्या वेळीं पुष्कळसें उरलेलें नाहीं.

'सेमिस्टर' या शब्दाकडेहि क्षणभर पाहण्यासारखें आहे. लॅटिन भाषेंत 'सेक्स' म्हणजे सहा व 'मेन्सिस' म्हणजे महिना. आपल्या 'षण्मास' शब्दाचें हें सख्खें भावंडच म्हणावयाचें. प्रत्यक्षांत मात्र जर्मनींतील हिवाळी सत्र १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असें गणलें जात असलें, तरी शिकवण्याचा काळ ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचाच.

गोटिंगेनचें नांव ऐकून आमच्यासारख्या संस्कृताच्या विद्यार्थ्यास परकें वाटत नाहीं. पातंजल महाभाष्याची साक्षेपी आवृत्ति सिद्ध करणारे कीलहॉर्न हे १८६६ ते १८८१ पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत होते. पुढें १८८२ पासून १९०८ सालीं मृत्यु येईपर्यंत त्यांनीं गोटिंगेन येथें संस्कृत शिकविलें. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांस सन्मानाची डॉक्टर ही पदवी १८८५ सालीं दिली ती याच विद्यापीठानें. तेव्हां या दोन गांवांमधील वाट मळलेली आहे.

आतां ती मुलगी तेथें शिकणार काय? पुस्तकांतील विद्या तर आहेच. पण सवा दहाचें व्याख्यान वेळापत्रकांत दहाचें म्हणून लिहितात, आणि त्या पाव तासास 'विद्यापीठीय पाव' असें रीतसर नांव आहे, हें तिला पहिल्याच दिवशीं समजेल. व्याख्यान संपल्यावर टाळ्या न वाजवितां बांकावर बोटांनीं टकटक करतात. रविवारीं दुकानें बंद, रात्रीं दहानंतर शांतता, रिकामी बाटली परत केली कीं अनामत पैसे हातीं, आणि कचरा निरनिराळ्या पेट्यांत वेगळा. गुणपत्रिकेंत १ हा आंकडा सर्वोत्तम, ४ म्हणजे जेमतेम उत्तीर्ण, आणि ५ म्हणजे नापास. तेव्हां नातीस '१.३' मिळाले म्हणून कोणा आजोबांनीं कपाळास हात लावूं नये! स्वतःचा स्वयंपाक, स्वतःचा खर्च आणि स्वतःचें आजारपण हीं तिचीं तिनें निभवावयाचीं. डिसेंबरांत तेथें चारच्या सुमारास अंधारतें. त्या अंधारांत घरची आठवण येईल, रडूं येईल, हेंहि धरूनच चालावें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही त्यांच्या घरीं गेलों. आजींची समजूत घालावी म्हणून आम्हीं थोडी तयारीहि केली होती. स्त्रीशिक्षणासाठीं आयुष्य वेंचणाऱ्या महर्षि कर्व्यांनाहि आपल्या सुनेनें, इरावतीबाईंनीं, १९२८ सालीं बर्लिनला जाणें रुचलें नव्हतें. तरी त्या गेल्या आणि १९३० सालीं डॉक्टर झाल्या, हें उदाहरण आम्हीं त्यांस सांगितलें. त्यांनीं तें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "मास्तर, मुलाच्या वेळीं मी पाठवा म्हणणार होतें, पण तेव्हां मला कोणी विचारलेंच नाहीं. तुम्हीहि नाहीं. आतां विचारतां आहां म्हणून सांगतें. ती जाण्याला माझी ना नाहीं. माझें वय अठ्ठ्याहत्तर. मधल्या काळांत माझें कांहीं झालें, तर पोरीनें परीक्षा टाकून धांवत येऊं नये. एवढें वचन तुम्ही सर्वांनीं द्या, म्हणजे मी हो म्हणतें."

घरांत कोणी बोलेना. मुलीच्या डोळ्यांस पाणी आलें. आम्हीहि खालीं मान घालून बसलों. ज्यांस आम्हीं प्रतिकूल पक्षांत मोजलें, त्या पंचवीस वर्षांपूर्वींहि अनुकूल होत्या. विचारण्याची रीत आमच्यापाशीं नव्हती. शेवटीं मुलगीच म्हणाली, "आजी, तें वचन मी देत नाहीं. पण दर रविवारीं तुला हातानें लिहिलेलें पत्र पाठवीन." फोनवरचें आजींस नीट ऐकूं येत नाहीं. पत्राची गोष्ट त्यांस पटली. वचनाची गोष्ट तशीच राहिली, आणि दोघींनींहि ती पुन्हां काढली नाहीं.

ज्या घरांत असा प्रश्न आज उभा असेल, त्यांनीं चार गोष्टी जाण्यापूर्वीं लेखी करून घ्याव्या. तेथील कोणते विषय येथें जमेस धरणार, त्यांचे श्रेयांक किती, गुण कोणत्या रीतीनें बदलून घेणार, आणि येथील परीक्षा चुकल्यास ती केव्हां द्यावयाची. तोंडच्या आश्वासनावर विसंबूं नये. पांचवी गोष्ट घरच्यांसाठीं: दिवसांतून तीन वेळां फोन करून मुलास मनानें घरींच बांधून ठेवूं नये. आणि सहावी, जी आम्हांस उशिरां उमगली ती, अशी कीं, निर्णयापूर्वीं घरांतील प्रत्येकास विचारावें, विशेषतः ज्यांचें उत्तर आपणांस आधींच ठाऊक आहे असें वाटतें त्यांस.

आपल्या पूर्वजांनीं विद्याध्ययनाच्या समाप्तीच्या संस्कारास 'समावर्तन', म्हणजे परत येणें, असें नांव दिलें. मुलगी ऑक्टोबरांत जाईल. आजींस पहिलें पत्र आलें कीं तें वाचून दाखविण्यास आम्हांस बोलावणें आहे.